गेलेल्याची खूण

कालिदासाच्या 'अभिज्ञानशाकुंतल' या नाटकाच्या सातव्या अंकात, सगळा गुंता सुटल्यावर, राजा दुष्यंत आपल्या मनाला काय झाले होते ते मारीच ऋषींना एका दृष्टांताने सांगतो. हत्ती डोळ्यांसमोर उभा असताना माणसाने 'हा हत्ती नव्हे' असे ठरवावे, तो निघून जाऊ लागला की मनात शंका उत्पन्न व्हावी, आणि तो दिसेनासा झाल्यावर जमिनीवर उमटलेली त्याची पावले पाहून मग कोठे खात्री पटावी, तशी आपली अवस्था झाली होती, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. हे उद्गार पुष्कळदा केवळ पश्चात्तापाचे बोल म्हणून वाचले जातात आणि ते तसे आहेतही. परंतु ज्ञानाविषयीचा एक अवघड प्रश्न त्यांत दडलेला आहे. जी शकुंतला समोर उभी होती ती ओळखता आली नाही आणि तिची मागे राहिलेली अंगठी मात्र क्षणात ओळखता आली, असे का व्हावे? हा प्रश्न एका राजापुरता नाही. परमेश्वर कधीकाळी माणसांत वावरला, बोलला आणि मग निघून गेला अशी ज्या परंपरांची श्रद्धा आहे, त्या प्रत्येकीला तो सोडवावा लागतो, कारण तिच्या हाती आता केवळ खुणा उरलेल्या असतात.

भारतीय तर्कपरंपरेच्या दृष्टीने पाहिले तर दुष्यंताचे विधान उफराटे आहे. न्यायदर्शनाने यथार्थ ज्ञानाची, म्हणजे प्रमेची, चार साधने मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. त्यांत प्रत्यक्ष, म्हणजे इंद्रियाचा विषयाशी संबंध येऊन होणारे ज्ञान, हे ज्येष्ठ, कारण अनुमानाला स्वतःचा पाया नसतो आणि तो त्याला प्रत्यक्षाकडूनच घ्यावा लागतो. धूर दिसल्यावर अग्नी आहे असे कळते ते यामुळे, की जेथे धूर तेथे अग्नी हे नियत साहचर्य, ज्याला 'व्याप्ती' म्हणतात, पूर्वी कधीतरी स्वयंपाकघरात डोळ्यांनी पाहिलेले असते. धूर ही त्या अनुमानातील खूण, शास्त्राच्या भाषेत 'लिंग' किंवा 'हेतू'. न्यायसूत्रांत अनुमानाचा 'शेषवत्' नावाचा जो प्रकार सांगितला आहे तो कार्यावरून कारणाकडे जाणारा आहे, आणि नदीचे फुगलेले गढूळ पाणी पाहून वरच्या अंगाला पाऊस पडून गेला असे जाणणे हे त्याचे परंपरेतले उदाहरण आहे. पावलांवरून हत्ती जाणणे हे याच जातीचे ज्ञान होय. मात्र हत्ती दिसत असताना त्याच्या चीत्कारावरून कोणी त्याचे अनुमान करत बसत नाही, अशा आशयाचे वाचस्पतिमिश्रांचे वचन नैयायिकांमध्ये प्रसिद्ध आहे. प्रत्यक्ष असताना लिंगाची गरज उरत नाही, हा साधा न्याय. दुष्यंताच्या बाबतीत मात्र प्रत्यक्ष पराभूत झाले आणि लिंग जिंकले, निदान त्याला तसे वाटले.

ही अडचण कालिदासाने मुद्दाम निर्माण केली आहे, हे मूळ कथेशी ताडून पाहिले की स्पष्ट होते. महाभारताच्या आदिपर्वातील शकुंतलोपाख्यानात शापही नाही आणि अंगठीही नाही. तेथे शकुंतला मुलाला घेऊन राजसभेत येते, राजाला सर्व काही आठवत असते, तरीही तो तिला नाकारतो. शेवटी आकाशवाणी होते आणि मग तो सांगतो की सत्य आपल्याला ठाऊकच होते, परंतु केवळ स्त्रीच्या बोलण्यावरून मुलाचा स्वीकार केला असता तर लोकांच्या मनात किंतु राहिला असता. म्हणजे महाभारतातला प्रश्न लोकांना पटवण्याचा आहे आणि त्याचे उत्तर शब्दप्रमाणाने, म्हणजे विश्वासार्ह साक्षीच्या वचनाने, मिळते. कालिदासाने ती आकाशवाणी काढून टाकली, राजाच्या जाणूनबुजून केलेल्या अपलापाच्या जागी विस्मरण आणले आणि सारा भार एका लहानशा वस्तूवर टाकला. राजाच्या चारित्र्याची सारवासारव करण्यासाठी हा बदल केला असे काही अभ्यासक म्हणतात. ते कारण असेलही, पण त्याने बदलाची खोली मोजली जात नाही. महाभारतातील दुष्यंताला सत्य लोकांपुढे सिद्ध करायचे होते, कालिदासाच्या दुष्यंताला ते स्वतःलाच सापडत नव्हते. आणि माणसाला स्वतःच्याच आत असलेली गोष्ट सापडू नये ही अवस्था धर्मविचाराच्या फार जवळची आहे.

दुर्वास ऋषीने शकुंतलेला दिलेल्या शापाचे स्वरूप या दृष्टीने बारकाईने पाहावे लागते. ज्याच्या चिंतनात बुडून जाऊन तू दाराशी आलेल्या अतिथीकडे दुर्लक्ष केलेस, त्याला आठवण करून दिली तरी तू आठवणार नाहीस, असा तो शाप. आणि तिची सखी प्रियंवदा हिच्या विनवणीनंतर त्याला मिळालेला उतार असा, की ओळखीचा दागिना दिसताच शाप सरेल. स्मृती नाहीशी होईल असे दुर्वासाने म्हटलेले नाही. न्यायवैशेषिक मताप्रमाणे प्रत्येक अनुभव आत्म्यावर एक ठसा ठेवून जातो, त्याला 'भावना' नावाचा संस्कार म्हणतात. अनुभव क्षणात संपतो, संस्कार टिकतो, आणि योग्य निमित्त मिळाले की तोच संस्कार स्मृतीच्या रूपाने वर येतो. त्या निमित्ताला 'उद्बोधक' अशी संज्ञा आहे. शापाने संस्कार पुसला नाही, केवळ त्याच्या उद्बोधनाची वाट अडवली, याचा पुरावा कालिदासाने शकुंतला दरबारात येण्यापूर्वीच ठेवला आहे. पाचव्या अंकाच्या प्रारंभी राणी हंसपदिकेचे गाणे ऐकून दुष्यंत अकारण व्याकुळ होतो आणि म्हणतो की रम्य दृश्य पाहून किंवा मधुर स्वर ऐकून सुखात असलेल्या जिवालाही जी हुरहूर लागते, ती बहुधा अंतःकरणात स्थिर होऊन राहिलेल्या जन्मांतरीच्या स्नेहाची, नकळत होणारी आठवण असावी. अभिनवगुप्तासारख्या तत्त्वज्ञाने रससिद्धांताचे विवेचन करताना हाच श्लोक आधारासाठी घेतला, हे उगाच नव्हे. जो ठसा कोणाचा ते कळत नाही तोही आतून सलत राहतो, एवढे त्या राजाला तेव्हा जाणवले होते. ते सल ज्याचे होते ती व्यक्ती थोड्याच वेळात त्याच्यासमोर उभी राहिली आणि त्याला दोहोंचा संबंध लागला नाही.

पतंजलीच्या योगसूत्रांच्या कैवल्यपादात स्मृती आणि संस्कार यांचे स्वरूप एकच असल्यामुळे जन्म, देश आणि काल यांचे अंतर पडले तरी त्यांची सलगता तुटत नाही, असे प्रतिपादन आहे. दुष्यंताच्या हुरहुरीमागे हीच धारणा उभी आहे. या धारणेमुळे खुणेचा सारा विचार बाहेरून आत वळतो, कारण मागे राहिलेली पहिली खूण ही मातीवर किंवा बोटावर नसते, ती पाहणाऱ्याच्या अंतःकरणावर असते.

हे लक्षात घेतले म्हणजे अंगठी हे अनुमानाचे लिंग नव्हे, हेही ध्यानात येते. सहाव्या अंकाच्या प्रवेशकात हीच अंगठी शक्रावतारी राहणाऱ्या एका कोळ्याजवळ सापडते. रोहू मासा चिरताना ती त्याच्या पोटातून निघालेली असते. शिपायांना ती दिसते तेव्हा ते अगदी रीतसर अनुमान करतात: राजाचे नाव कोरलेली अंगठी दरिद्री माणसाजवळ आहे, म्हणून तो चोर आहे. त्यांचा हेतू चुकीचा ठरतो, कारण राजाची वस्तू गरिबाच्या हाती चोरीशिवायही येऊ शकते. नैयायिक अशा हेतूला 'सव्यभिचार' म्हणतात, म्हणजे साध्याला सोडूनही राहणारा. कोळ्याच्या लेखी ती विकायची वस्तू होती. राजाला ती दिसते तेव्हा तो काहीच अनुमान करत नाही. स्वभावाने गंभीर असलेला हा माणूस अंगठी पाहताच क्षणभर व्याकुळ झाला, एवढेच नगररक्षकांचा प्रमुख बाहेर येऊन सांगतो. 'ही अंगठी शकुंतलेला दिली होती, ती शचीतीर्थात पडली असावी, म्हणून ती स्त्री खरे बोलत होती' अशी तर्काची साखळी दुष्यंताच्या मनात प्रथम आलेली नाही. अडवलेला संस्कार एका झटक्यात मोकळा झाला आणि तर्क त्यानंतर आला. त्यामुळे आपल्याच दृष्टांतात पावलांवरून हत्तीची खात्री पटल्याचे तो सांगतो तेव्हा तो स्वतःच्या अनुभवाचे पुरेसे अचूक वर्णन करत नाही, असे म्हणावे लागेल. पावले पाहून हत्ती कोणालाही कळतो. ती अंगठी मात्र जगात एका माणसासाठीच बोलकी होती.

ॲरिस्टॉटलने 'पोएटिक्स' या ग्रंथाच्या सोळाव्या प्रकरणात ओळख पटण्याचे प्रकार सांगताना चिन्हांवरून पटणारी ओळख सर्वांत कमी कलात्मक ठरवली आणि कवीपाशी कल्पनेचे दारिद्र्य असले की तो या युक्तीचा आश्रय घेतो, असे म्हटले. त्याच्या मते उत्तम ओळख घटनांच्या ओघातूनच घडते, जशी सोफोक्लीसच्या इडिपसमध्ये घडते. चिन्हाच्या ओळखीचे त्याने दिलेले एक उदाहरण होमरच्या काव्यातील ओडिसियसच्या व्रणाचे आहे. वीस वर्षांनी परतलेला ओडिसियस भिकाऱ्याच्या वेषात असताना वृद्ध दासी युरिक्लिया त्याचे पाय धुते आणि रानडुकराच्या सुळ्याने झालेला जुना व्रण हाताला लागताच त्याला ओळखते. कालिदासाच्या अंगठीवरही हाच आक्षेप घेता येईल, आणि घेतलाही जातो, की माशाच्या पोटातून निघालेल्या वस्तूवर प्रेमकथेचे भवितव्य टांगणे ही सोयीची युक्ती आहे. परंतु होमरचे काव्य व्रणावर थांबत नाही, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. ओडिसियसच्या पत्नीला, पेनेलपीला, तो व्रण पुरत नाही. ती दालनातला पलंग बाहेर आणून टाकण्याची आज्ञा देते आणि तो पलंग जमिनीत रुजलेल्या ऑलिव्हच्या खोडातून घडवलेला असल्यामुळे हलवताच येणार नाही, हे बाहेरच्या कोणाला ठाऊक नसलेले गुपित ओडिसियसच्या तोंडून बाहेर पडते तेव्हाच तिची खात्री पटते. व्रणावरून शरीराची ओळख पटली, पलंगाने सामायिक आयुष्याची पटवली. दुसऱ्या प्रकारची ओळख ॲरिस्टॉटलच्या आक्षेपाच्या कक्षेत नीटशी बसत नाही, कारण तेथे चिन्ह वस्तूत नसून दोन स्मृतींच्या मिळण्यात आहे.

वाल्मीकिरामायणाने हा भेद याहूनही सूक्ष्मपणे हाताळला आहे. किष्किंधाकांडात सुग्रीव रामापुढे एका उत्तरीयात बांधलेले दागिने ठेवतो. रावण आकाशमार्गाने घेऊन जात असताना सीतेने ते पर्वतावर बसलेल्या वानरांमध्ये टाकलेले असतात. सुग्रीवाला ते दागिने म्हणजे कोणी स्त्री हरण करून नेली जात होती याचा पुरावा वाटतात, आणि ते अनुमान बरोबरही आहे. रामाचे डोळे इतके भरून येतात की त्याला नीट दिसतच नाही. लक्ष्मणाविषयी प्रचलित पाठात आलेली गोष्ट मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे: त्याला बाहुभूषणे ओळखता येत नाहीत, कुंडले ओळखता येत नाहीत, मात्र रोज पायांना वंदन केल्यामुळे पैंजण तेवढे ओळखता येतात. ही गोष्ट बहुधा लक्ष्मणाच्या मर्यादाशीलतेचे उदाहरण म्हणून सांगितली जाते, पण तिच्यातला ज्ञानाचा सिद्धांत तितकाच मोलाचा आहे. दागिने तेच होते, एकाच गाठोड्यात होते आणि पाहणारे तिघे होते. प्रत्येकाला तेवढेच दिसले जेवढा संस्कार त्याच्यापाशी होता. खूण स्वतःहून काही सांगत असती तर ती तिघांना सारखीच बोलली असती.

पुढे सुंदरकांडात हनुमान अशोकवनात पोहोचतो तेव्हा सीता त्याच्यावर सहजी विश्वास ठेवत नाही, कारण हवे ते रूप घेणारा रावण तिने एकदा भिक्षूच्या वेषात पाहिलेला आहे. रामनाम कोरलेली मुद्रिका हाती आल्यावर तिला आनंद होतो. तरीही परतीची खूण देण्याची वेळ येते तेव्हा ती केवळ चूडामणी देऊन थांबत नाही. चित्रकूटावर कावळ्याने चोच मारली तेव्हाचा प्रसंग, कपाळीचा तिलक पुसला गेल्यावर रामाने मनःशिळेने गालावर रेखलेला तिलक, अशा आठवणी ती हनुमानापाशी खूण म्हणून सोपवते. दागिना चोरता येतो, लुबाडता येतो, घडवताही येतो. दोघांच्या मनांत एकाच वेळी उमटलेला प्रसंग बाहेरचा कोणी घडवू शकत नाही. सीतेला हे ठाऊक होते, कारण खोट्या चिन्हांनीच तिचा घात झाला होता: सोन्याचे हरीण, रामाच्या आवाजातली हाक, संन्याशाची वस्त्रे.

चिन्ह व्यक्तीपासून सुटले की किती अनर्थ करू शकते, याचे सर्वांत कठोर चित्र विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षस' नाटकात आहे. तेथेही अंगठीच आहे. नंदांचा अमात्य राक्षस आपले कुटुंब चंदनदासाच्या घरी ठेवून गेलेला असतो. त्याच्या पत्नीच्या बोटातून निसटलेली त्याची मुद्रा एका हेराच्या हाती लागते आणि चाणक्याकडे येते, चाणक्य तिचा ठसा एका बनावट पत्रावर उठवतो, आणि ते पत्र वाचून मलयकेतू आपल्याशी एकनिष्ठ असलेल्या राक्षसालाच विश्वासघातकी ठरवतो. मलयकेतूचे अनुमान शिपायांच्या अनुमानासारखेच आहे: मुद्रा त्याची, म्हणून संमतीही त्याची. राक्षस त्याच्यासमोर प्रत्यक्ष उभा आहे, त्याची आजवरची वागणूक त्याला ठाऊक आहे, तरीही तो माणसापेक्षा ठशावर विश्वास ठेवतो. 'शाकुंतला'त खुणेअभावी खऱ्या व्यक्तीला खोटे ठरवले गेले, 'मुद्राराक्षसा'त खुणेमुळे. दोन्ही नाटके शेजारी ठेवली म्हणजे असे दिसते की अपराध खुणेच्या असण्यात किंवा नसण्यात नव्हता. समोरच्या माणसाला ओळखण्याचे काम खुणेवर सोपवून मोकळे होण्यात तो होता.

ओळख हे नेमके कोणत्या जातीचे ज्ञान आहे, याविषयी भारतीय दर्शनांत दीर्घ वाद झाला आहे. 'हा तोच देवदत्त' या प्रकारच्या ज्ञानाला 'प्रत्यभिज्ञा' म्हणतात. त्यात 'हा' एवढा भाग इंद्रियांकडून येतो आणि 'तो' एवढा संस्काराकडून. नैयायिकांनी तिला प्रमाण मानले आणि तिच्या बळावर आत्मा व वस्तू टिकून राहतात असे सिद्ध करू पाहिले. सर्व पदार्थ क्षणिक आहेत असे मानणाऱ्या बौद्ध आचार्यांनी उत्तर दिले की कालचा देवदत्त आज नाहीच, सादृश्यामुळे आपण दोघांना एक समजतो, जसे नखे कापल्यावर पुन्हा वाढलेल्या नखांना तीच नखे समजावे. काश्मीरच्या शैव आचार्यांनी हा वाद एका निराळ्याच पातळीवर नेला. दहाव्या शतकात उत्पलदेवाने 'ईश्वरप्रत्यभिज्ञाकारिका' लिहिल्या आणि मोक्ष म्हणजे काही नवे मिळणे नसून जो शिव आपण आधीपासूनच आहोत त्याची ओळख पटणे होय, असा सिद्धांत मांडला. ग्रंथाच्या अखेरीस त्याने दिलेला दृष्टांत येथे फारच उपयोगी आहे. एका स्त्रीने एका पुरुषाचे गुण ऐकून त्याच्यावर मन जडवले आहे आणि तो तिच्या समोर येऊन उभा आहे, परंतु हाच तो हे तिला कळले नाही तोवर तो तिच्या दृष्टीने चारचौघांसारखाच राहतो आणि त्याच्या सान्निध्याचा तिला काहीही आनंद होत नाही. दुष्यंताच्या दरबारातलाच प्रसंग उत्पलदेवाने जणू उलट बाजूने पाहिला. सान्निध्य असूनही ओळख नसेल तर ते सान्निध्य निष्फळ, हे दोघांनाही मान्य आहे. मात्र उत्पलदेवाच्या मते ओळख पटण्यासाठी बाहेरची वस्तू लागत नाही, गुरूचे वचन आणि शास्त्र यांनी मोहाचे आवरण दूर सारणे पुरते.

तरीही भक्तिपरंपरांना एवढ्यावर समाधान मानता आले नाही, आणि त्यांचे असमाधान समजून घेण्यासारखे आहे. शैव अद्वैतात परमेश्वर कधी निघून गेलेलाच नसतो. ज्या परंपरेत तो एका देहात आला, एका वाटेने चालला आणि मग दिसेनासा झाला, तेथे विरह खरा असतो. भागवताच्या दशम स्कंधातील तिसाव्या अध्यायात कृष्ण रासक्रीडेतून अंतर्धान पावल्यावर गोपी वनात त्याची पावले शोधत निघतात. ध्वज, कमळ, वज्र, अंकुश या चिन्हांवरून त्या ती पावले ओळखतात. मग शेजारी एका तरुणीची पावले दिसतात. पुढे ती दिसेनाशी होतात, तेव्हा कृष्णाने तिला उचलून घेतले असावे असे त्या म्हणतात. कोठे केवळ चवड्यांचा भार दिसतो, तेव्हा उंच फांदीवरची फुले तोडण्यासाठी तो टाचा उचलून उभा राहिला असावा असे ठरवतात. पुढे ज्या गुप्तहेरकथा लिहिल्या गेल्या त्यांतल्या कोणत्याही तपासाला शोभावे असे हे वाचन आहे, आणि ते अचूक आहे. ती तरुणी त्यांना पुढे भेटतेही. कृष्ण मात्र भेटत नाही. जेथवर चांदणे पोहोचते तेथवर त्या जातात, अंधार लागताच परततात, यमुनेच्या वाळवंटात बसून गातात, आणि बत्तिसाव्या अध्यायात तो त्यांच्यातच प्रकट होतो. पावलांचा माग बरोबर काढूनही गोपी त्याच्यापर्यंत पोहोचल्या नाहीत, शोध सोडून गाऊ लागल्यावर तो आला, हा क्रम भागवतकाराने निश्चित हेतूने ठेवला असला पाहिजे. खुणांवरून तो कोठे होता एवढे कळते. तो कोठे आहे हे त्यांवरून कळत नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नाला सर्वांत धिटाईने भिडला तो महानुभाव पंथ. तेराव्या शतकात यादवांच्या राज्यात वावरलेल्या श्रीचक्रधरांना हा पंथ परमेश्वराचा अवतार मानतो, आणि परमेश्वर देहाने जवळ असतो त्या काळाला 'सन्निधान' व तो निघून गेल्यानंतरच्या काळाला 'असन्निधान' असे म्हणतो. या दोन अवस्थांचे आचार वेगळे आहेत, कारण सन्निधानात सेवा शक्य असते आणि असन्निधानात स्मरण उरते. चक्रधर उत्तरेकडे निघून गेल्यावर शिष्य ऋद्धिपूरला चक्रधरांचे गुरू श्रीगोविंदप्रभू यांच्या सेवेत राहिले. गोविंदप्रभूही गेल्यावर शिष्यांमधील नागदेवाचार्यांच्या भोवती जमलेल्या त्या मंडळींना दुष्यंताचा प्रश्न आपल्याच आयुष्यात सोडवायचा होता. त्यांच्यातल्या कित्येकांनी चक्रधरांना जेवताना, चालताना, रागावताना, हसताना पाहिले होते, आणि पाहताना त्यांना सगळे कळले होते असे नाही. चक्रधरांच्या आठवणींचा 'लीळाचरित्र' हा ग्रंथ हे लपवत नाही. भोवतीची माणसे चुकीचे प्रश्न विचारतात, क्षुल्लक गोष्टींवरून रुसतात, समोर कोण आहे हे विसरून आपल्या संसाराचे गाऱ्हाणे घेऊन बसतात, अशा प्रसंगांनी तो ग्रंथ भरलेला आहे, आणि त्यामुळेच तो विश्वसनीय वाटतो.

या मंडळींनी दोन प्रकारच्या खुणा जतन केल्या. एक जमिनीवरच्या: चक्रधर जेथे बसले, निजले, जेवले त्या जागा, ज्यांवर पुढे ओटे बांधले गेले आणि ज्यांचे वर्णन 'स्थानपोथी'त दिशा आणि देवळांच्या संदर्भासह इतके काटेकोर केले आहे की तेव्हाच्या गावांच्या आणि मंदिरांच्या इतिहासालाही ती साधन ठरते. स्थान आणि प्रसाद, म्हणजे अवताराचा संबंध ज्यांना घडला त्या जागा आणि वस्तू, या पंथात वंदनीय आहेत. मूर्तिपूजा नाकारणाऱ्या पंथाने जागेला नमस्कार करावा यात विसंगती आहे असे वरवर पाहणाऱ्याला वाटते. वस्तुतः तेथे प्रतिमा आणि खूण यांतला फरक अत्यंत जाणीवपूर्वक पाळलेला आहे. प्रतिमा देवासारखी दिसण्याचा दावा करते, आणि ती देवाने कधी न पाहिलेल्या दगडातूनही घडते. ओट्याचा तसा कोणताही दावा नाही. तो कशासारखाही दिसत नाही. येथे संबंध घडला होता, एवढेच तो सांगतो, आणि ज्याला ती लीळा ठाऊक नाही त्याच्यासाठी तो नुसता चौथरा असतो, जशी कोळ्याच्या हातातली अंगठी नुसते सोने होती.

म्हणून दुसऱ्या प्रकारची खूण आवश्यक झाली, आणि ती म्हणजे आठवणी. पंथाने सांगितलेल्या स्मरणाला नाम, लीळा, मूर्ती आणि चेष्टा असे चार विषय आहेत. चेष्टा म्हणजे हालचाल, हातवारे, बसण्याउठण्याची रीत. एखाद्या धर्माने आपल्या परमेश्वराचे हातवारे हा चिंतनाचा स्वतंत्र विषय ठरवावा, ही गोष्ट विरळा आहे. तत्त्वे सूत्रांत बांधून ठेवता येतात, आणि केशिराजबासांनी 'सूत्रपाठा'त ती बांधलीही. पण त्या माणसाने मान कशी वळवली, हे ज्याने पाहिले त्याच्याच संस्कारात असते आणि त्याच्याबरोबर संपण्याची भीती असते. विद्वत्तेचा अभिमान घेऊन आलेल्या आणि पुढे चक्रधरांना शरण गेलेल्या म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात या आठवणी प्रत्येकाकडून विचारून, पडताळून गोळा केल्या, आणि त्यांतून 'लीळाचरित्र' हा मराठीतला आद्य गद्यग्रंथ उभा राहिला.

त्या ग्रंथाची मूळ प्रत पुढे परचक्राच्या धामधुमीत नष्ट झाली असे पंथाची परंपरा सांगते. तेव्हा पाठ असलेल्यांच्या स्मरणातून तो पुन्हा सिद्ध करण्यात आला, आणि हिराइसा, रामेश्वरबास, परशरामबास यांच्या नावांनी ओळखले जाणारे त्याचे वेगवेगळे शोध, म्हणजे तपासून सिद्ध केलेले पाठ, पोथ्यांतून चालत आले. या पाठांमध्ये फरक आहेत. एका लीळेत कोण उपस्थित होते, शब्द नेमका कोणता उच्चारला गेला, प्रसंग या गावी घडला की त्या, याविषयी आठवणी जुळल्या नाहीत तेथे पोथ्यांनी अनेकदा दोन्ही आठवणी ठेवल्या आणि कोणती कोणाची तेही नोंदवले. आधुनिक संपादकांना या भेदांची डोकेदुखी होते, आणि मूळ पाठ कोणता याचा निर्णय करण्याची त्यांची धडपड रास्तही आहे. परंतु ज्यांनी ते भेद प्रथम लिहून ठेवले त्यांना एक आठवण खोडून दुसरी एकटी ठेवणे गैर वाटले असावे, कारण दोन्ही आठवणींच्या मुळाशी घडलेला संबंध होता, आणि हिराइसेच्या स्मरणात जे राहिले ते रामेश्वरबासांच्या पाठावरून दुरुस्त करण्याचा अधिकार कोणालाच नव्हता.